शिखरशर्यतीतल्या नागव्वा

नागव्वा घोड्यांशी कानडीत बोलत, माणसांशी मराठीत आणि सरकारी माणसांशी उर्दूत. त्यांचं उर्दू मात्र एकाच शब्दाचं होतं. ‘क्यों?’ महसुलाचा गिरदावर येवो, पोलिसातला जमादार येवो, नाहीतर जहागिरीचा कारकून, त्याचं सगळं बोलणं त्या कमरेवर हात ठेवून ऐकून घेत आणि शेवटी तेवढंच विचारत. निजामाच्या राज्यात हा शब्द खालच्यानं वरच्याला विचारायचा नसतो, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे समोरचा आधी गोंधळायचा, मग चिडायचा आणि बहुतेक वेळा ‘उद्या बघतो’ म्हणून निघून जायचा.

त्या लोहाऱ्याकडच्या लिंगायत घराण्यातल्या. आमच्या जहागिरीच्या गावात त्यांच्या नवऱ्याचा तट्टांचा व्यवसाय होता. तेव्हा मोटारीचा रस्ता आमच्या भागात पोचला नव्हता. ज्वारी, करडई, मिरची, सगळं तट्टांच्या पाठीवरून बाजाराला जायचं. पटकीच्या साथीत नवरा गेला तेव्हा भावकी म्हणाली, तट्टं विकून टाक. नागव्वा म्हणाल्या, ‘अन् म्या काय करू? भिताडाकडं बघत बसू?’ त्यांनी एकही तट्टू विकलं नाही, उलट वाढवली. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि इरकल लुगड्याचा घट्ट कासोटा. अंगणातल्या नांदीतून घोडी पाणी पीत आणि त्यांच्या मधून ही बाई वाट काढत फिरायची.

आता शर्यतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर नागव्वा कळायच्या नाहीत. चैत्रात खळी उरकली, रानं मोकळी झाली की आमच्याकडे शिखरशर्यत सुटायची. गावातल्या महादेवाच्या शिखराकडे पाठ करायची आणि तेरणेपलीकडच्या टेकडीवर खंडोबाचं शिखर दिसतं, त्यावर नजर ठेवून घोडा सोडायचा. वाट ठरलेली नाही. मध्ये येईल त्यावरून उडी मारून जायचं. बोराटीची कुंपणं, बांध, एक खोल ओढा, नदीची वाळू आणि शेवटी जहागीरदारांच्या आमराईभोवतीची छातीइतकी उंच दगडी पवळ. या पवळीला एका अंगाला फाटक होतं. तिथून वळसा घालून गेलं तरी चालायचं, पण तसं जाणाऱ्याला लोक वर्षभर ‘फाटकवाला’ म्हणत. पुढे मी मोठ्या शहरांतल्या शर्यतीही पाहिल्या. हिरवळ छाटलेली, अडथळे मापात बांधलेले, स्वार रंगीत सदऱ्यांत. छानच होतं सगळं. पण आमच्या शर्यतीत माळवदावर उभ्या राहिलेल्या माणसाला धुळीतून आधी कोणाचं डोकं वर येणार हे कळायचं नाही, आणि ते आलं की अख्खा गाव एका घशानं ओरडायचा. ती गंमत मला पुन्हा कुठे भेटली नाही.

माझे वडील तुळजापूरला शिक्षक. मुलानं कचेरीत चिकटावं एवढीच त्यांची इच्छा. मी चिकटलो जहागीरदार रावसाहेबांच्या पागेला, कारण तिथे सुलतान नावाचा अरबी घोडा होता आणि त्याला स्वार हवा होता. पहिल्याच शर्यतीत ओढ्यावर सुलतान पलीकडे गेला आणि मी अलीकडे चिखलात बसलो.

‘तम्मा,’ काठावरून आवाज आला, ‘घोडं गेलं की पल्याड. तू हितं कुनाची वाट बघायलास?’

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्या खाली उतरल्या, हात देऊन मला उठवलं आणि विचारलं नसताना सांगितलं, ‘उडी आली की तू मागं रेलतुस. भ्यालेला माणूस मागंच रेलतंय. पुढं वाक, घोड्याच्या मानंला लाग, लगाम सैल सोड. वाकायचं ते तिथंच. तिथं वाकायला शिकलं की दुसरीकडं वाकावं लागत न्हाय.’

‘अक्का, मी रावसाहेबांचा स्वार आहे. तुमच्या घोड्याविरुद्धच पळणार.’

‘पळ की! चिखलात बसलेल्याला हरवून कसली मज्जा?’

त्यांचं घोडं म्हणजे चंद्री. भीमथडी घोडी, चारी पाय पांढरे, कपाळावर चंद्रकोरीसारखा डाग. सुलतानच्या शेजारी उभी केली तर खेळणं वाटायची. तिच्यावर कासीम बसायचा. कासीम त्यांच्या तट्टांवरचा जुना माणूस, बारीक चणीचा, नागव्वांना अम्मा म्हणणारा. पुढच्या चैत्रात कासीमनं चंद्रीला अशी काढली की सुलतान आमराईच्या पवळीपाशी पोचला तेव्हा ती खंडोबाच्या पायऱ्यांखाली उभी राहून घाम गाळत होती.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. रिवाज असा होता की जिंकलेलं घोडं रावसाहेबांना नजर करायचं, म्हणजे देऊनच टाकायचं. रावसाहेब कपटी नव्हते. घोड्याचा त्यांना मनापासून शौक होता, आजारी घोड्यापाशी ते स्वतः बसून राहत. पण आपल्याला आवडलेली वस्तू दुसऱ्याच्या दारातही बांधलेली शोभते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कासीमच्या डोक्याला फेटा बांधून झाला आणि कारभारी चंद्रीचा लगाम धरायला पुढे आला.

‘क्यों?’ नागव्वा म्हणाल्या.

रावसाहेब हसले. ‘नागव्वा, रिवाज आहे. जिंकलेलं घोडं पागेत येतं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून.’

‘म्हंजे जिंकनाऱ्याला सजा अन् हरनाऱ्याला सुटका, असंच की वो रावसाहेब?’

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

‘बदल्यात चांगली तट्टं देतो तुला. निवडून घे.’

‘तट्टं लई हायती माझ्याकडं. चंद्री एकच हाय. द्यायची न्हाय.’

रावसाहेबांचं हसू मावळलं. ‘मग पुढच्या वर्षी तुझं घोडं रेषेवर उभं राहणार नाही. आणि हा कासीम शर्यतीत कुठल्याच घोड्यावर बसणार नाही.’

नागव्वांनी लगाम हातात घेतला, चंद्रीला ‘बा मगळे’ म्हणाल्या, ये लेकी, आणि चालत नदी उतरून गेल्या.

ते वर्ष त्यांना जड गेलं. जहागिरीच्या बंधाऱ्यावर त्यांच्या तट्टांना पाणी बंद झालं. लांबच्या विहिरीवरून पाणी आणावं लागे. भावकीतले लोक रोज येऊन समजावत, की एका घोडीपायी वाड्याशी वैर कशाला. मी एकदा पाहिलं, त्या घागर उतरवत होत्या आणि चुलतदीर ओट्यावर बसून तेच सांगत होता. नागव्वांनी घागर ठेवली, पदरानं तोंड पुसलं. ‘आज चंद्री मागत्यात. दिली तर उद्या तिचं शिंगरू मागतील. परवा इचारतील, बाईच्या दारात तबेला कशाला? तवा कुनाला न्हाय म्हनू? त्यापरीस आत्ताच म्हनलेलं बरं.’

शर्यतीचा दिवस आला. त्या वर्षी जिल्ह्याचे तालुकदारसाहेब, म्हणजे कलेक्टरच, पाहुणे होते, खंडोबाच्या टेकडीवर मांडव घातला होता. इकडे महादेवाच्या देवळापाशी आम्ही स्वार रेषेवर उभे राहिलो. तेवढ्यात कासीम चंद्रीला घेऊन आला आणि रेषेपासून बराच बाजूला, देवळाच्या पारापाशी थांबला. सगळ्यांना वाटलं, बघायला आला असेल. मग पारावरून नागव्वा उतरल्या, कासोटा खोचला, रिकिबीत पाय घातला आणि चंद्रीवर बसल्या. चाळिशी ओलांडलेली बाई. कारभारी धावला.

‘नागव्वा, तू शर्यतीत नाहीस! हुकूम आहे!’

‘न्हायच की. म्या देवाला निघालेय. खंडोबाला जायला बी हुकूम लागतोय का?’

निशाण पडलं. आमच्याबरोबरच बाजूनं चंद्री सुटली.

पहिल्या कुंपणाला त्या माझ्या डाव्या हाताला होत्या. ओढ्यावर त्या पुढे गेल्या, नदीच्या वाळूत सुलताननं लांब ढांगा टाकून त्यांना गाठलं. आम्ही दोघंच राहिलो होतो, बाकीचे मागे धुळीत. चंद्रीचा श्वास ऐकू येत होता आणि त्यावरून नागव्वांचं कानडी, हळू, एकसारखं, पाळण्यातल्या मुलाशी बोलावं तसं. चढ लागला आणि पवळ दिसली. पवळीवर बाभळीच्या काटेरी फांद्या रचलेल्या होत्या. एकच पट्टा मोकळा ठेवला होता. तो मला आदल्या दिवशी दाखवून ठेवला होता. त्या पट्ट्यापाशी वाड्याचे दोघे गडी काठ्या घेऊन उभे होते, मला वाट द्यायला आणि दुसऱ्या कुणाला न द्यायला. फाटकालाही अडसर होता.

मी मोकळ्या जागेकडे वळलो. नागव्वांनी गडी पाहिले, काटे पाहिले आणि चंद्रीला सरळ काट्यांवर घातलं. मी मान वळवून बघत होतो, म्हणून सांगतो. त्या घोडीच्या मानेवर इतक्या वाकल्या होत्या की दोघींचं एकच जनावर दिसत होतं. फांद्या कडाकडा मोडल्या, लुगड्याचा पदर काट्यांत राहिला आणि चंद्री पलीकडे उतरली. एकदा गुडघ्यावर गेली. उठली. आणि धावली.

टेकडीवर गर्दीनं जो आवाज केला तो रावसाहेबांना आवडणारा नव्हता. नागव्वांनी देवळाला फेरी घातली, घोड्यावरूनच हात जोडले आणि मांडवाकडे न बघता पलीकडच्या उतारानं घरी गेल्या.

मी पोचलो तेव्हा रावसाहेब फेटा घेऊन उभे होते. ‘शाबास! सुलतान पहिला!’

मी खाली उतरलो. तालुकदारसाहेबांनी सहज विचारलं, ‘क्यों साब, अव्वल आपही आए ना?’

‘नहीं हुजूर,’ मी म्हणालो, ‘अव्वल वो बाई आई. मैं दूसरा.’

फेटा रावसाहेबांच्या हातातच राहिला. संध्याकाळी कारभाऱ्यानं माझी वळकटी पागेबाहेर आणून ठेवली. दुसरीकडे कुठे जाणार? नागव्वांच्या दारात गेलो. त्या चिमणीच्या उजेडात चंद्रीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचे स्वतःचे हातही ओरबाडलेले होते.

‘आलास?’ मान वर न करता त्या म्हणाल्या. ‘बस. त्या दुसऱ्या पायातले काटे तू काढ.’

सकाळी वाड्याचे लोक चंद्रीला न्यायला आले. नागव्वा तबेल्याच्या दारात पाय पसरून बसल्या. ‘माझ्यावरनं घोडी न्या,’ एवढंच म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, एकटीनं बसावं लागेल. पण हळूहळू तट्टवाले जमले, त्यांचेही आणि दुसऱ्यांचेही. सगळ्यांत पुढे कासीम. आयुष्यात कधी कुणापुढे तोंड न उघडलेला तो माणूस कारभाऱ्याला म्हणाला, ‘लेके जाव साब. पर फिर जहागीर की जवारी भी तुमीच पीठ पे लेके जाव. हमारा एक तट्टू नई आएगा.’

पावसाळा तोंडावर होता आणि जहागिरीची सगळी ज्वारी अजून कोठारात होती. कारभारी वाड्यावर गेला. दुपारी निरोप आला की घोडी राहू द्या. बंधाऱ्यावरचं पाणीही सुटलं. नजर करण्याच्या रिवाजाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही.

आणि खरे सोन्याचे दिवस तिथून सुरू झाले. जिंकलेलं घोडं आता घरी नेता येतं, हे कळल्यावर वाशीकडून, तेरकडून, सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून लोक आपली लपवून ठेवलेली घोडी घेऊन आले. कुणाचं टांग्याचं, कुणाचं वरातीचं, कुणाचं नुसतंच लाडाचं. मी नागव्वांच्या तबेल्यात घोडी शिकवू लागलो. कासीम पुन्हा चंद्रीवर बसला. आम्ही जिंकलो, हरलो, पडलो. नागव्वा ओढ्याच्या काठावर उभ्या राहून पडणाऱ्या प्रत्येकाला शिव्या देत आणि मग हात देत. हरलो तर त्या दिवशी गोड जेवण असे. ‘जिंकल्यावर समदेच खात्यात,’ असं त्यांचं म्हणणं.

मग धामधुमीचे दिवस आले. लोक रात्री दारं लावून घेऊ लागले, रानातून घोडा पळवणं जिवावरचं झालं आणि शर्यत थांबली. निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागीर गेली. पहिली मोटार गावात आली तेव्हा नागव्वा तिच्याभोवती फिरून म्हणाल्या, ‘पळंल चांगली. बांध कसा उडंल?’

त्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ धरला. वैद्यानं घोड्यावर बसायला मनाई केली, त्यांनी वैद्याला विचारायचं ते विचारलं आणि बसल्या. शेवटी उठवेना झालं, तरी भिंतीला टेकून बसूनच असत. मी म्हणालो, ‘अक्का, जरा आडव्या व्हा.’

‘आडवं? आमच्यात मेल्यावर बी कुनी आडवं हुईत न्हाय, तम्मा.’

ते खरंच होतं. लिंगायतांमध्ये मृताला बसवून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. दोन दिवसांनी आम्ही त्यांना फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या मखरात, बसवलं, कपाळाला विभूती लावली आणि निघालो. वेशीकडे जाणारा रस्ता वाड्यासमोरून जातो. जुन्या काळी वाड्यासमोरून कुणी बसून जात नसे, वराचा घोडासुद्धा मागच्या गल्लीनं काढत. जहागीर गेली होती, पण सवय गेली नव्हती. पुढे चालणारे वडीलधारे आपसूक गल्लीकडे वळले.

कासीम खांद्यावरच्या दांड्यासकट थांबला. ‘अम्मा पीछे से नई जाएँगे,’ तो म्हणाला आणि सरळ चालू लागला. दुसरा दांडा माझ्या खांद्यावर होता. मीही सरळ चाललो. मग सगळेच मागून आले.

रावसाहेब ओट्यावर ऊन खात बसले होते. थकले होते. त्यांनी विमान येताना पाहिलं, काठी शोधली, ती हाताला लागली नाही, तेव्हा खांबाला धरून उठले. ते उठून उभे राहीपर्यंत आम्ही थांबू शकलो असतो. थांबलो नाही. नागव्वा ताठ बसून वाड्यावरून पुढे गेल्या.