लाल पट्ट्यातली तीन मिनिटे

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि मनातल्या मनात त्यांना गुण देते – बहुधा कमीच. कुंभार पिंपळगावच्या शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवले. जे सिद्ध करता येत नाही ते फळ्यावर लिहायचे नाही, ही सवय. तरीही एक प्रसंग मला कधीच सोडवता आला नाही. तो जसा घडला तसा मांडते.

माझा धाकटा भाऊ दिगंबर मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. त्या काळी, म्हणजे नव्वदच्या सुमारास, जहाजे मध्यम लहरींवर मोर्सच्या खुणांनी बोलत. इथे एक नियम सांगणे आवश्यक आहे. संकटाची हाक ज्या लहरीवर येई, तिथे दर अर्ध्या तासाला तीन मिनिटे सर्व जहाजांनी गप्प राहायचे आणि फक्त ऐकायचे. बुडणाऱ्याची क्षीण हाक गोंगाटात दबू नये, एवढाच हेतू. रेडिओखोलीतल्या घड्याळावर ती मिनिटे लाल रंगवलेली असत. सुटीत आलेल्या दिगूने आमच्या भिंतीवरच्या घड्याळावरही तसेच दोन लाल पट्टे काढले. (भारतीय वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असली तरी पट्टे बरोबर जुळतात, मी पडताळून पाहिले होते.)

माय म्हणाली, "ल्योक तिकडं कान देऊन बसलेला, अन् आपन इकडं गलका कशाला करायचा?"

तेव्हापासून काटा लाल पट्ट्यात शिरला की ती हातातले काम थांबवून गप्प बसे. शेजारच्या कमलकाकू दारातूनच चिडवत, "काय वैनी, घड्याळाचा उपास का?" माय हसायची, पण पट्टा संपल्यावर.

त्या वर्षीच्या पोळ्याची दुपार. बाहेर हलगी वाजत होती, सजलेले बैल वेशीकडे निघाले होते. कमलकाकू आमच्याकडेच बसल्या होत्या. काटा पट्ट्यात आला, मायने लाटणे खाली ठेवले... आणि एकाएकी ती ओरडली, "दिगू! ऊठ! कोनीतरी हाक मारून राह्यलंय रे!"

तिने मौन कधीच मोडले नव्हते. मी तिच्यावर डाफरले, "माय, तीन मिनिटं व्हायचीत अजून. पोळ्याच्या दिवशी तरी शिस्त मोडू नको."

"तुला आयकू येईना का? लई बारीक हाय... पान्यातून आल्यावानी."

"वैनी, हलगी हाय ती," काकू म्हणाल्या. त्या दिवशी ती जेवली नाही.

दिगू आला तो दिवाळीनंतर. आमच्याकडे फोन नव्हता आणि मी पत्रातही काही लिहिले नव्हते. बसस्टँडवर उतरताच, अजून बॅग हातातच असताना त्याने विचारले, "अक्का, पोळ्याला तू मायवर काहून डाफरलीस?"

मी जागच्या जागी थांबले.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. मी तापानं फणफणल्तो. कानाला हेडफोन लावून खुर्चीतच डोळा लागला. अन् तुझा आवाज आला, वर्गातल्यावानी. 'माय, तीन मिनिटं व्हायचीत अजून. पोळ्याच्या दिवशी तरी शिस्त मोडू नको.' खडबडून उठलो. बघतो तर पार तळाशी, लई क्षीण, एक जहाज मदत मागून राह्यल्तं."

त्यांचे जहाज वळले. अंधार पडण्यापूर्वी एक तराफा सापडला.

घरी मायने एवढेच विचारले, "किती वाचली?"

"सहा."

"अन् बाकीची?"

दिगूने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला नाही.

योगायोग, तापातले स्वप्न – ही उत्तरे मी तपासली. पण त्या लहरीवर मोर्सच्या खुणा चालत, माणसाचा आवाज नव्हे. आमच्या घरात प्रक्षेपक नव्हता. आणि माझे वाक्य शब्दशः त्याच्याजवळ होते.

नंतर उपग्रहाची यंत्रणा आली. ती लहर ओस पडली, मौनाचा नियमही गेला. दिगूची नोकरी संपली आणि त्याने शहागडला टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले. माय त्याला म्हणाली, "मंग आता तिथं कोन ऐकतं?"

"कोनीच न्हाई, माय."

मायही आता नाही. हाक तिला ऐकू आली होती, दिगूला उठवायला तीच ओरडली होती. समुद्रापर्यंत पोचला मात्र माझा आवाज... जिला काहीच ऐकू आले नव्हते. का, ते मला आजही ठाऊक नाही.