पेशकारांचा अनंत

"हात मागं! गुरव, हात मागं घ्या म्हणतो ना! त्याची मिसल आहे माझ्याकडं, मिसल!"

वाटूरला आमच्या आतोबांच्या अंगणातून ही आरोळी उठली तेव्हा परतूरच्या रस्त्यावरचे बैल गाडीसकट थांबले. बढाई म्हणा, पण मी तिथं होतो. माझ्या आत्याचे हे यजमान निजामाच्या अमदानीत कचेरीत साहेबापुढं कागद मांडणारे पेशकार होते आणि कागदावर न चढलेली वस्तू जगात असते, यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. अंगावर पाऊस पडत असला तरी कुणी येऊन रीतसर खबर देईपर्यंत ते छत्री उघडत नसत. अशा माणसानं फुलझाड लावायला घ्यावं, हा त्या झाडाचा पूर्वजन्मीचा गुन्हा.

झालं असं, की आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्या जालन्याच्या घरी, आडाजवळ अनंत होता. तो वाळला त्या वर्षी आत्या एवढंच म्हणाली, "दारात एक असता तर बरं झालं असतं." लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि तिनं काही मागण्याची ही पहिलीच वेळ. आतोबा हैदराबादला गेले आणि एका बागवानाकडून ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी घेऊन आले. लावायचं काम अर्थात आत्याचं. काडीला चार पानं फुटल्याबरोबर यांनी पंच बोलावले. पाच माणसं पाटावर बसली. पान पट्टीनं मोजलं, त्याची चकाकी उन्हात धरून तपासली, आणि 'सदर झुडूप अनंताचेच असल्याची खात्री झाली' यावर पाचांनी सह्या ठोकल्या; कागद मिसलीत, म्हणजे झाडाच्या फायलीत, लागला. पाचातल्या चौघांनी अनंत जन्मात पाहिला नव्हता, आणि पाचवा मी. मला झेंडू ओळखू येतो. तेवढाच.

मग सुरू झाली बडदास्त. इथली काळी माती अनंताला सोसत नाही म्हणून दुधना नदीच्या काठावरून पोयटा आला. आठवड्याला तांब्याभर ताक त्याला, आणि जेवायला बसलेल्या पाहुण्याला पाणी! उन्हं चढली की आतोबा स्वतःच्या डोक्यावर टॉवेल टाकत आणि छत्री झुडपावर धरून उभे राहत. शिवाय सोवळं असं कडक, की पान खुडणं सोडाच, पानाकडं बोट दाखवायची चोरी. आंघोळ करून, ओलेत्यानं, "काय रे बाबा, झोप लागली का?" असं विचारत ते रोज सकाळी पाणी घालीत. आत्याला वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ती जोत्यावर बसून तांदूळ निवडत ऐकायची.

दीड वर्षानं कळी धरली. पहिलं फूल राजूरच्या गणपतीला, दुसरं आत्याच्या अंबाड्यात, असा हुकूम सुटला आणि राजूरच्या गुरवाला निरोप गेला. म्हातारा आला, झुडपापुढं उकिडवा बसला, आणि आतोबांची आरोळी पुरी व्हायच्या आत त्यानं नखानं एक पान खुडलं. देठातून पांढरंशुभ्र दूध ओघळलं.

"पेशकारसाहेब, अनंताला दूध नस्तं. ही तगर हाय."

"पाच जणांच्या सह्या हैत, गुरव!"

"मिसलीत असंल अनंत. आळ्यात तगरच हाय." त्यानं बोट धोतराला पुसलं, चहा घेतला आणि गेला.

मी हसणार होतो. दीड वर्षाचं हसू साठवून ठेवलं होतं मी. पण आतोबा मिसल मांडीवर घेऊन पायरीवर बसले आणि पहिल्यांदाच मला ते कचेरीबाहेरचे, बारकेसे गृहस्थ दिसले.

"अगं, तुला ठाऊक होतं?" त्यांनी जोत्यावर तांदूळ निवडणाऱ्या आत्याला विचारलं.

"लावतानाच काडीतून दूध आल्तं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"पंचात मी कुठं होते?"

मग आतोबा उठले, कुदळ शोधू लागले. "उपटून टाकतो. पुन्हा हैदराबादला जातो. बिलकुल खरा अनंत आणतो."

आत्यानं सुपातला खडा बाजूला टाकला.

"राहू द्या. हीबी पांढरीच असते."