मामाचं बाथरूम आणि दोन इन्स्पेक्शन

मामा आज पहाटे गेला.

बाथरूममध्ये नाही. अंथरुणात, झोपेत.

हे मुद्दाम लिहितेय. कारण ऐंशीच्या दशकात आमच्या जोगेश्वरीच्या घरात एकच भीती होती, की हा माणूस एक दिवस मोरीत पडून जाणार.

मी तेव्हा कॉलेजसाठी मामा-मामीकडे राहायचे.

मामा फौजेत नाईक होता. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. खोटा पाय लावून तो असा ताठ चालायचा की नवख्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

पण खोटा पाय लावून आंघोळ कशी करणार? तो बाहेर काढून ठेवायचा.

मग ओली लादी, वीतभर उंच उंबरा, खाली बसायचा संडास आणि एका पायावरचा मामा. धरायला काय, तर नळ.

एकदा तो नळच हातात आला.

आम्ही दार बडवतोय, दाराच्या फटीतून पाणी बाहेर उडतंय आणि आतून शांत आवाज, "काही नाही. सगळं ठीक आहे."

कपाळाला ही एवढी खोक पडली होती.

त्या दिवसापासून तो आंघोळीला गेला की मामी दाराबाहेर पाट टाकून बसायची. तिचं गणपतीला गावी जाणंही बंद झालं. मालवणकडच्या बाईचे गावचे गणपती सुटणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. दरवर्षी गावाहून विचारणा व्हायची आणि दरवर्षी ती म्हणायची, बघू.

मग मामाच्या एका जुन्या दोस्ताने बातमी आणली. जखमी जवानांना घरातलं बाथरूम नीट करून घ्यायला सरकारी मदत मिळते. कमोड, दांडे, उंबरा फोडणं, सगळ्याला.

मामाला अर्ज करायला लावता लावता मामीचा घसा बसला. शेवटी केला. ऑफिसचा माणूस घर बघायला येणार असं कळलं.

आणि इथेच वाट लागली.

इन्स्पेक्शन म्हटल्यावर फौजी माणूस काय करतो?

मामाने आदल्या दिवशी मोरी घासून घेतली. लादी फडक्याने कोरडी केली. सकाळी गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडल, खोट्या पायातल्या बुटालासुद्धा पॉलिश.

ऑफिसचा क्लार्क आला तर हा दारात सावधान.

त्याला स्वतः मोरीपर्यंत घेऊन गेला. कशालाही न धरता उंबरा ओलांडून दाखवला. वर म्हणाला, तशी काही अडचण नाही साहेब.

अरे मग अर्ज कशाला केला होता, देवा!

क्लार्क खूश. पोहे खाऊन, हात मिळवून गेला. उत्तर आलं, अर्जदार उत्तम हिंडता-फिरता आहे, गरज दिसत नाही.

मामी भांडली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. मामा मला हळूच विचारायचा, हिला झालंय काय? मी डोक्यावर हात मारून घ्यायचे.

"इन्स्पेक्शनला घर गबाळं दाखवायचं?" त्याला खरंच कळत नव्हतं.

मामीने पुन्हा अर्ज करायला लावला. ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या. या वेळी एक रिटायर्ड सुभेदार येणार होते.

त्या सकाळी मामीने खोटा पाय तांदळाच्या पिंपात लपवला.

मामाने घर उलथंपालथं केलं. पाय काही मिळाला नाही. बेल वाजली, तर हा एका पायावर दारात उभा. एक हात भिंतीला, दुसरा सॅल्यूटला. कपाळावर घाम.

मामी मला म्हणाली, "हे पडतले, पण बसूचे नाय."

सुभेदारांनी सॅल्यूट घेतला. बसा म्हणाले. मामा म्हणाला, आधी तुम्ही. ते पुन्हा बसा म्हणाले. हा ठीक आहे साहेब, ठीक आहे साहेब. पाय थरथरतोय आणि ठीक आहे साहेब.

मग सुभेदारांचा आवाज बदलला.

"नाईक, बैठ जाओ."

मामा बसला. तिथेच, दारात, जमिनीवर.

इतकी वर्षं आम्ही हातापाया पडत होतो. याला नुसती ऑर्डर हवी होती.

सुभेदारही त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, रोज आंघोळीला कसा जातोस, तसा जाऊन दाखव. खरं.

ऑफिसरला खोटं दाखवणं मामाला जमणार नव्हतं.

त्याने हात टेकले आणि बसल्या बसल्या सरकत मोरीत गेला. उंबऱ्यावरून अंग ओढून आत घेतलं.

हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. नळ तुटल्यापासून आत जाता-येता सगळ्यांना दुसऱ्या खोलीत पाठवून तो हेच करत होता. दार लागल्यावर पाटावर येऊन बसणाऱ्या मामीलाही माहीत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला मामाचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

मदत मंजूर झाली. उंबरा फुटला, कमोड बसला, भिंतीला दोन भक्कम दांडे लागले. पहिल्याच दिवशी मामाने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला आणि मामीचा ओरडा खाल्ला.

त्या वर्षी मामी गणपतीला गावी गेली.

माणूस मात्र सुधारला नाही. गेल्या महिन्यात हॉस्पिटलात डॉक्टर राउंडला आले, तर हा कॉटवरून उठायला बघतोय. सलाइन ओढलं गेलं. नर्स आम्हाला ओरडली. आम्ही काय करणार, बाई?

आज सकाळपासून माणसं येतायत. मामी उशाशी बसलीय.

दार वाजलं की अजून सवयीने माझी नजर मामाकडे जाते.

पहिल्यांदाच तो कुणासाठी उठला नाही.

झोप, मामा. आता कुणीही आलं तरी उठू नकोस.