तोंडं कापून केलेली पीडीएफ

प्रदूषण मंडळाकडे तक्रार ऑनलाइन करायची, पण फोटो सुटे चालणार नाहीत. सगळे जोडून एकच पीडीएफ द्या. हा नियम काढणाऱ्याला नवापूरच्या किनाऱ्याशी काही देणंघेणं नसेल, किंवा चांगलंच असेल. मला दुसरं खरं वाटतं.

फोटो मावशीच्या मोबाइलमध्ये होते. माझी सख्खी नव्हे. नवापूरला मासळी सुकवते, कंपन्यांच्या घाण पाण्याविरुद्धच्या आमच्या सभांना न चुकता येते. किनाऱ्याला मेलेली मासळी लागली त्या सकाळी तिने भरपूर फोटो काढले. ते बघून मी कपाळाला हात लावला. प्रत्येक फोटोत बाई उभी. कुठे तिची सून, कुठे शेजारीण, एकात ती स्वतः, पदर नीट करून, हळदीला उभं राहावं तशी. पायाशी मेलेले बोईट मासे.

"नुसत्या माशांचा का नाही काढलास?"

"नुसत्या मासळीचा फोटो कोन काढतं गो? मानूस नको?"

पण सुनेचा नवरा, म्हणजे मावशीचा मुलगा, ज्या कंपनीच्या सांडपाण्याबद्दल आमची तक्रार होती, तिथेच ठेक्यावर कामाला. तक्रारीतले फोटो कंपनीकडेही जातात; सुनेला गेटवर कुणी ओळखलं की त्याला आत घेणं बंद. कारण सांगायची तिथे पद्धत नाही.

फुकटात फोटो जोडून देणाऱ्या वेबसाइट ढिगाने आहेत. फुकट कशाला देतात? फोटो तिथून पुढे कुणाकडे जातात? म्हणून आम्ही बोईसरला एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो गोड बोलणारा निघाला, म्हणजे संशय आलाच. त्याने फोटो कॉम्प्युटरवर घेतले, एकदम निवडले, पीडीएफ तयार. मी एकेक पान बघत गेले. मासे, सून, मासे, शेजारीण, आणि मग एका अनोळखी माणसाचा गेटपास. त्याच कंपनीचा.

हा इथे कसा, विचारलं. फोल्डर एकच आहे, सगळ्यांचं काम इथेच होतं, चुकून आला, असं त्याचं म्हणणं. पण त्यांचं पान आमच्यात येतं, तर आमचं त्यांच्यात जायला किती वेळ? मी त्याला गेटपास काढायला लावला आणि प्रत्येक फोटोतलं तोंड कापायला लावलं. काम झालं की सगळं पुसायचं, रिसायकल बिनसुद्धा, असंही बजावलं.

"मॅडम, इतना शक तो मेरी बीवी भी नहीं करती."

मी हसले नाही. मावशी स्क्रीनकडे बघत होती. अशी कापल्यावर ही मासळी कुठल्याही गावची वाटते, म्हणाली. ते खरंच होतं. मंडळाचे साहेबही तेच म्हणणार होते.

"माझा हाय ना एक? तो नको कापू."

तू कुणाची आई ते गेटवर सगळ्यांना ठाऊक आहे, मी हळूच सांगितलं.

"त्याला इचारलंय मी. तो बोलला, टाक."

तो खरंच तसं बोलला, की ही मला गप्प करत होती, मला कळलं नाही. मी तिचं पान पहिलं घ्यायला लावलं आणि तिथूनच फाइल पाठवली.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या मुलाला आत घेतलं का ते बघायला, पाळी सुटायच्या वेळी मी कंपनीजवळ सरावलीच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. तो डबा घेऊन इतरांबरोबर चालत आला. माझ्याकडे बघून त्याने ओळख दाखवली नाही. मीही नाही.