तक्ता बदलण्याआधी येणाऱ्या मोठ्या बाई

ड्युटी बदलण्याआधीच बदललेल्या ड्युटीवर हजर होणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच पाहिली, आणि तिलाच मी चार वर्षं मॅनेजरची चुगलखोर समजत होते.

तेव्हा मी जळगाव जामोदच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होते. वय तिशीचं, अक्कल माझ्या मते पन्नाशीची. ड्युटीचा तक्ता सोमवारी भिंतीवर लागायचा आणि मंगळवारपासून मॅनेजर व्हाइटनरची बाटली घेऊन त्याच्या मागे लागायचा. शनिवारपर्यंत नावांवर नावं चढून तो कागद पापडासारखा कडक होई. कुणाचं बहिणीच्या लग्नाला जाणं राही, कुणाच्या लेकराचा वाढदिवस. आम्ही सगळ्या चरफडायचो; मी सगळ्यांत मोठ्याने, अर्थात मॅनेजरला ऐकू जाणार नाही इतक्या लांबून. आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या नर्स, मोठ्या बाई, तेवढ्या कधी चरफडल्या नाहीत. स्वतःच्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी, कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नसताना त्या बाकावर येऊन बसत. पांढरी साडी, मांडीवर दोन्ही हात, नजर तक्त्याकडे. पंख्याखाली तक्ता फडफडायचा पण बाईंचा पदर हलायचा नाही, असं मी सगळ्यांना शपथेवर सांगायची. पाच-दहा मिनिटांत मॅनेजर बाटली घेऊन येई आणि बाईंचं नाव लिही. एकदा तोच मला हळूच म्हणाला, "सिस्टर, मी काहीच ठरवलं नव्हतं. बाई बसलेल्या दिसल्या, म्हणून लिहिलं." मी मात्र हुशार. दुसऱ्याच दिवशी ती बाटली चोरून पर्समध्ये टाकली. पाहू म्हटलं, आता कशी बदलते ड्युटी. दुपारी बाई आल्याच. माझ्या बंद पर्सकडे पाहत म्हणाल्या, "त्याच्यापाशी लाल पेन बी हाय, पोरी." त्या दिवशी लाल पेनाने कापलेली सुटी माझीच होती.

त्या उन्हाळ्यात पिंपळगाव राजाला माझी माय अंथरुणाला खिळली. तीनदा सुटी लागली, तीनदा कापली गेली. चौथ्या वेळी रविवारी दोनला मी सुटणार, असं तक्त्यावर होतं. अकरा वाजता वॉर्डच्या दारात बाई उभ्या. म्हणाल्या, "मले ओव्हर दे अन् निंघ." पेशंटचं सगळं वहीत लिहून दुसरीच्या हाती सोपवायचं, त्याला आम्ही ओव्हर म्हणायचो; त्याशिवाय पाऊल हलवता येत नसे. मला वाटलं, ही मॅनेजरचीच खेळी. लवकर गेले की ड्युटी सोडून गेली म्हणायला हे मोकळे. मी ताठ मानेने सांगितलं, तक्त्यावर दोन आहे, दोनलाच जाईन. बाईंनी वाद घातला नाही. वही घेतली आणि काहीतरी लिहीत बसल्या.

दीड वाजता मॅनेजर आला. मला सोडवायला येणारी पोरगी दुसरीकडे पाठवली होती. आता मी रात्रीपर्यंत थांबायचं होतं. बाईंनी वही पुढे केली. ओव्हर घेतली, वेळ अकरा, खाली त्यांची सही. चार नंबरच्या खाटेपुढे लिहिलेलं: दीड वाजता ताप, एकशे एक. मी थर्मामीटर लावला. एकशे एक. शाई केव्हाच वाळलेली होती. मॅनेजरने ते वाचलं, वही मिटली आणि निघून गेला.

मी तशीच निघाले; नांदुऱ्याला गाडी बदलून पिंपळगावला पोचेपर्यंत पाच वाजले. माय दुपारभर माझ्याशी बोलायचं म्हणत होती, असं वहिनी सांगत होती. चारला तिची वाचा गेली. तिने माझा हात ओळखला, दाबला; बोलणं राहिलं ते राहिलंच. माझ्या ताठ मानेने ते खाल्लं, तक्त्याने नाही.

मायचं तेरावं करून कामावर आले तेव्हा बाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळतं? त्या चादरीची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "समजत कायी नाही, पोरी. पन माह्या येळेले ओव्हर घ्याले कोनीच आलं नव्हतं."

कुणासाठी जायचं होतं त्यांना, ते मी विचारलं नाही. मी चादरीचं दुसरं टोक धरलं, आणि उरलेल्या सगळ्या चादरींच्या घड्या आम्ही दोघींनी मिळून घातल्या.