किनवटच्या वाटेवर पिवळा तंबू

माझी नात जपानात नोकरी करते. चार दिवस सुट्टी मिळाली की सायकलला तंबू बांधते आणि तिथल्या खेड्यापाड्यांतून एकटीच हिंडते. पाऊस असला तर जास्तच खूश. एकदा कुठल्याशा बसथांब्याच्या पत्र्याखाली उभी राहून तिनं मला फोन केला. मागं पाऊस धडाधडा वाजत होता. म्हणाली, "आजी, तुझ्या किनवटच्या शाळेवर असाच वाजायचा ना गं? मला भ्यायला झालं की मी तुझी गोष्ट आठवते."

मी "हो हो" म्हणून फोन ठेवला आणि सुनेनं केलेला चहा गार होईपर्यंत तशीच बसले.

कारण ती गोष्ट साफ खोटी होती. बावीस वर्षांची असताना किनवटकडच्या जंगलातल्या एका शाळेवर माझी नेमणूक झाली होती, इथवर खरं. शाळेला लागून असलेल्या खोलीत मी एकटी राहिले, हेही खरं. पण पुढं जे मी सगळ्यांना सांगत आले, की पावसानं छप्पर कोसळलं आणि तरी मी रात्रभर धीरानं बसून राहिले, ते माझं रचलेलं. छपराला काही झालं नव्हतं. रात्री दाराबाहेर बांगड्या वाजायला लागल्या. किणकिण, थांबली, पुन्हा किणकिण. विज्ञानाची पदवी घेतलेली ती बया, म्हणजे मीच, डोक्यावरून गोधडी घेऊन हडळीला नवस बोलत बसली. उजाडायच्या आत मागच्या खिडकीतून उडी मारली, ट्रंक तिथंच टाकली आणि पहिल्या गाडीनं नांदेड गाठलं. तिथून थेट माहेरी, लातूरला. पुढं खटपट करून शहरातली शाळा मिळवली आणि निवृत्तीपर्यंत पोरांना भुतंखेतं नसतात हे शिकवलं.

आता ते बसथांब्याखालचं पोर त्या बयेच्या भरवशावर उभं होतं. गोष्ट कबूल करायची, नाहीतर खरी करायची. कबूल करायला माझी जीभ रेटेना, म्हणून मी खरी करायला निघाले. नांदेडच्या आमच्या घरून नातीसारखं सायकलनं जायचं आणि त्याच शाळेपाशी, भर पावसाळ्यात, एकटीनं एक रात्र काढायची. नात जाताना तिचा जुना पिवळा तंबू आमच्या कपाटावर टाकून गेली होती. "पापड वाळवायला होईल तुला," म्हणाली होती. तेवढं मी लक्षात ठेवलं होतं.

मुलगा म्हणाला, "मी मागून गाडी घेऊन येतो."

"मग तू सायकल चालव, मी गाडीतून येते."

सून त्याच्याहून हुशार. तिनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, फोन तीन पिशव्यांत गुंडाळला आणि शांतपणे म्हणाली, "आई, दिवसातून तीनदा फोन. एक जरी चुकला, तर मी निघाले समजा. आणि चौथ्या दिवशी दुपारी आम्ही किनवटला न्यायला येणार, त्यात बदल नाही." म्हणजे रात्री तीन.

भोकर फाट्यापर्यंत मी अशी सुटले की विचारू नका. पाऊस भुरभुर होता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांवरनं पाणी निथळतंय, ट्रकवाले खिडकीतनं माना काढून बघतायत. उताराला मी पाय पेडलवरून उचलले. गुडघ्यांचे डॉक्टर तिथं असते तर त्यांना फेफरं आलं असतं. बारडच्या पुढं जरा कच्च्या वाटेनं गेले तर काळी माती चाकात अशी भरली की सायकल जागची हलेना. बाभळीच्या काडीनं खरवडून खरवडून चाक मोकळं केलं. हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

नात सांगते, तिकडं तंबू ठोकला तर लोक मान लववतात आणि आपल्या वाटेनं जातात. आपल्याकडं ते जमणं अवघड. भोकरच्या अलीकडं एका शेताच्या कडेला मी जागा हेरली, तंबूच्या काड्या जोडल्या, तेवढ्यात समोरच्या घरातली बाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन आली.

"कोणत्या गावच्या?"

"नांदेडची."

"माहेर?"

"लातूर."

"लातुरात कुठं?"

इथं मी चूक केली. गल्लीचं नाव सांगितलं. त्या गल्लीत तिच्या थोरल्या जावेची आत्या दिलेली होती. पुढं काय बोलायचं राहिलंच नाही. मी माहेरची ठरले, आणि माहेरची बाई घरासमोर उघड्यावर निजली तर त्या घरानं गावात तोंड कसं दाखवायचं? माझा तंबू त्यांच्या पडवीत वाळत पडला आणि मी पंख्याखाली गादीवर. सकाळी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि वर एक केळीचा फणा. निघताना मी सामान तोलून मापून घेतलं होतं, टूथब्रशची दांडीसुद्धा नातीनं सांगितलं म्हणून कापली होती. आता मागं अख्खा नारळ.

दुसऱ्या दिवशी हिमायतनगरच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. शहाणी झाले होते, ठरवलं होतं, माहेर सांगायचंच नाही. दुकानातल्या चाचांनी माहेर विचारलंच नाही. ते ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघत होते, आणि त्यांच्या बेगम दारातून माझ्या गाठोड्याकडं बघत होत्या.

"ये क्या है आपा, पिवळा पिवळा?"

"तंबू. त्यात झोपणार."

"तंबू में कायकू? घर नै क्या हमारा?"

मी म्हटलं, मला एकटीला राहायचंय. त्या चाचांना म्हणाल्या, "घर में झगडा करके निकले दिखता." मग रात्रभर माझी समजूत घालणं चाललं. सुना अशाच असतात, मन मोठं करायचं, परत जायचं. मी सांगून सांगून थकले की माझी सून चांगली आहे. जेवढं सांगावं तेवढी त्यांना माझी जास्त दया येत होती. दोन रात्री गेल्या. हातात एक उरली.

तिसऱ्या दिवशी इस्लापूर सोडलं आणि साग सुरू झाला. सागाच्या पानावर पाऊस पडतो तेव्हा कुणीतरी सुपात ज्वारी पाखडतंय असं वाटतं. चढ होते, उतरून सायकल ढकलली. चढाच्या टोकाला येऊन नारळ फोडला, पाणी प्याले, खोबरं खाल्लं आणि ओझं कमी केलं. शाळा दिसली तेव्हा दिवस अजून होता. नवी इमारत पलीकडं झाली होती. माझी खोली तीच, तेच पत्रे, आता आत कडबा भरलेला. मागची खिडकीही होती. त्या बयेनं एवढ्याशा खिडकीतून स्वतःला कसं बाहेर काढलं, भीतीलाच ठाऊक.

अंगणात तंबू उभा केला. शेजारच्या घरातून माझ्याच वयाची एक बाई आली. मी तिनं तोंड उघडायच्या आत हात जोडले.

"बाई, मी नुसती फिरायला आलेय. मला इथंच झोपायचंय. घरी चला म्हणू नका, पाया पडते."

तिनं मला खालवर बघितलं. "बरं," म्हणाली आणि गेली. इतक्या लवकर कुणी ऐकत नसतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

सुनेला फोन केला, दशमी खाल्ली, तंबूत शिरले. भीती यायची वाट बघत आडवी झाले. तीन दिवसांची सायकल, त्यात पाऊस एका लयीत पडत होता. जिला मी इतकी वर्षं घाबरले ती रात्र मी पाहिलीच नाही. जाग आली तेव्हा तंबू उजेडानं पिवळाधमक झाला होता, आणि बाहेर बांगड्या वाजल्या.

किणकिण. थांबली. पुन्हा किणकिण.

हात पांघरुणाकडं गेला, पण तंबूची चेन ओढली. समोर शाळेच्या ओसरीवर खाट टाकलेली, आणि ती बाई वाकळीची घडी घालत होती.

"उठल्या? लई घोरता तुमी."

"तुम्ही इथं झोपलात?"

"मंग काय करावं? बाईमाणसाला येकलं ठिवतेत का? न्हाई म्हणल्यावर मीच आले." मग खाटेवर बसून ती सहज बोलत गेली. "आधी बी अशीच येक मास्तरीण आलती, पोरगीच व्हती. माझं नवं लगीन. सासरा म्हणला, पोर येकली हाय, भिईल, जा वसरीवर झोप. त्या राती मच्छर हे असले. रातभर पदरानं वारा घालून राहिले. सकाळी चहा घेऊन आले तर बाई न्हाईच. ट्रंक तशीच. सासऱ्यानं मला धरलं, तू काय बोललीस म्हणून. पाऊसभर शाळा बंद ऱ्हायली, अन् गावानं बोल मला लावला."

मी तिच्या हातांकडं बघत होते. हिरव्या काचेच्या बांगड्या, दोन्ही हातांत डझनभर. नुसती फिरायला आलेय म्हणून सांगितलं होतं, तेवढ्यावर सायकल घेऊन निघता आलं असतं. एकदा पळाले तशी पुन्हा पळायला काही अडत नव्हतं.

"ती मीच," मी म्हटलं. "तुम्ही काही बोलला नव्हतात. तुमच्या बांगड्यांना हडळ समजून मी खिडकीतनं उडी मारली."

ती उठून ओसरीच्या टोकाला गेली, त्या खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि तिला हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाली, "येवढ्याशा खिडकीतून? अन् आज हे सांगायला सासरा न्हाई ऱ्हायला."

त्या वाक्याला मला हसता आलं नाही.

तेवढ्यात नातीचा फोन आला, चेहरे दिसणारा. तिला तंबू दाखवला, खाट दाखवली, खोली दाखवली. पोरगी माझ्यावर गेलेली नाही, तिची नजर तीक्ष्ण आहे.

"आजी, हे पत्रे तर जुनेच दिसतायत. छप्पर पडलं होतं ना?"

"नव्हतं पडलं. मी पळून आले होते. मला या बाईंच्या बांगड्यांची भीती वाटली." आणि मग सगळं सांगितलं. खिडकीसकट.

तिनं फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाली, "मला बसथांब्यावर रात्री रडू आलं होतं. तुला सांगितलं नाही. म्हटलं, आजी काय म्हणेल."

"आजी म्हणाली असती, खिडकी कुठंय बघून ठेव."

ती हसली. मग विचारलं, "पण मग एकटीनं रात्र काढायचं राहिलंच की."

राहिलं होतं खरं. सुनेला फोन लावून म्हटलं, एक दिवस उशिरा या. ती म्हणाली, कारण सांगा. सांगितलं. मग म्हणाली, "फोन मात्र तीनदा."

ती बाई सगळं ऐकत होती. दिवस कलताना तिनं वाकळ खाटेवर टाकली, खाट डोक्यावर घेतली आणि चिखलातून घराकडं निघाली. वळून म्हणाली, "आज न्हाई येत. भ्या वाटलं तर सायकलची घंटी वाजवा, घरापतुर आईकू येती."

ती दारात दिसेनाशी झाली, तसा पाऊस पुन्हा धरला. मी सामानातून प्लास्टिकची एक पिशवी काढली आणि घंटी वाजूच नये अशी तिच्यावर घट्ट बांधून टाकली.