देवीच्या आधीचं ताट

अकोल्याला गाडी सकाळी वेळेवर पोचली. माझी शांतामावशी तिथून पुढे हिवरखेडला एकटी राहते. काका गेल्यावर त्या मोठ्या गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच उरलं. चर्च अकोल्याला, म्हणून रविवारची उपासना ती मोबाइलवर पाहते. तिला पुण्याला आणायचं, आपल्या चर्चच्या मंडळीत बसवायचं, असं मी घरी सगळ्यांना बजावून निघाले होते. वीस वर्षं संडे स्कूल शिकवते आहे, बजावायची सवय आहे.

बसला वेळ होता म्हणून मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेले. मावशीला साडी घ्यायची होती. दुकानदाराने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि न विचारता फिक्या, राखी रंगांच्या साड्या पुढे टाकल्या.

"माझे यजमान पुण्यात ठणठणीत आहेत," मी म्हणाले.

"मंग कुंकू काहून नाही लावलं?"

"आम्ही ख्रिस्ती आहोत."

"असं सांगा ना आधी," म्हणत त्याने लालभडक साडी उलगडली. साठी उलटलेल्या मावशीला ती झेपणारी नव्हती. शेवटी निळ्यावर तडजोड झाली. बाहेर एक तिखटजाळ कचोरी खाल्ली आणि बस येईपर्यंत नाक पुसत बसले.

अकोटपर्यंत उभ्याने प्रवास झाला, पुढे खिडकी मिळाली. भाद्रपदातलं चटचटीत ऊन, दोन्हीकडे काळी जमीन, कमरेइतकी पऱ्हाटी (कपाशी) आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. शेजारच्या बाईंच्या मांडीवर झेंडूची पिशवी होती. "उद्या महालक्ष्म्या जेवतात आमच्याकडं," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं?" मी नुसतीच हसले.

मावशीच्या आणि शेजारच्या वच्छलाबाईंच्या अंगणात कमरेएवढी भिंत आहे. वच्छलाबाई मावशीच्याच वयाच्या. शेती, सून, नातवंडं असं त्यांचं भरलेलं घर. संध्याकाळी भाकरी आणि वांग्याची भाजी खाताना मी पुण्याचा विषय काढला. मावशी म्हणाली, "उद्याचा दिवस जाऊ दे, मंग बोलू."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत मावशी बीपीच्या गोळ्या आणायला गेली. तेवढ्यात वच्छलाबाई भिंतीपाशी आल्या. हातात भरलेलं ताट होतं: पुरणपोळी, आंबील, कढी, वडे, सोळा भाज्यांची एक भाजी.

"शांताबाई कुठी गेली? हे घ्या."

मी हात जोडले आणि सुरू झाले. आम्ही एकाच देवाला मानतो, नैवेद्याचं आम्हाला चालत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमच्याबद्दल आदरच आहे. हल्ली मी मोबाइलवर जी प्रवचनं ऐकते त्यांत असंच ठाम राहायला सांगतात. मध्ये एकदा वच्छलाबाईंनी तोंड उघडलं होतं, पण माझं संपलं नव्हतं.

"बरं बाई," त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन परत गेल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. परक्या गावात आपण विश्वासाची साक्ष दिली असं वाटलं.

मावशी आली, हातपाय धुतले आणि दोन पाट मांडले. चूल तिने सकाळपासून पेटवलीच नव्हती.

"वच्छला नाही आली अजून?"

मी घडलं ते सांगितलं, थोड्या अभिमानानेच. मावशीने हातातला तांब्या खाली ठेवला.

"ते नैवेद्याचं नव्हतं, पोरी," ती म्हणाली. "लग्न होऊन मी या घरात आली, त्या साली तिनं असंच ताट आणलं होतं. मी म्हटलं, मले देवापुढचं चालत नाही, रागावू नोको. दुसऱ्या सालापासून ती आमचं ताट देवीच्या आधी काढते. देवी जेवायच्या आधी माणसाचं काढणं म्हंजे त्यायच्यात केवढी गोष्ट हाय, तुले माहीत हाय का? तिची सासू दोन दिवस जेवली नव्हती. पण वच्छलानं एक साल चुकवलं नाही. चाळीस वर्सं झाली."

"आणि घरचे आता काही म्हणत नाहीत?"

"सून म्हणते ना. तिचा एक महाराज हाय मोबाइलवर. तो सांगते, देवीच्या आधी कोणाचंच काढाचं नाही. परवा भांडण झालं त्यायच्या घरी. वच्छला म्हणे, मी हाये तवर ते ताट निंगन."

"मग त्यांनी मला सांगायचं नाही का?"

"तू बोलू देल्लं का तिले?"

मी उठले. चप्पल न घालता तशीच शेजारी गेले. आरती झाली होती. महालक्ष्म्यांवर करंज्या-पापड्यांचा फुलोरा (टांगलेला फराळ) लोंबत होता आणि पंगत बसली होती. वच्छलाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी तेच ताट, दुसऱ्या ताटाने झाकलेलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "ते ताट मला द्या."

"थंडं झालं आता."

"चालेल."

सून वाढप थांबवून दारात उभी राहिली. "आई, त्यायनंच तं परत केलं. मंग पुढच्या साली काहाले काढाचं?"

वच्छलाबाईंनी ते ताट पुढे सरकवलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमीच सांगा आता हिले."

वीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देणारी मी, "आम्हाला ते हवं आहे," एवढंच म्हणाले.

"पाहू," सून म्हणाली आणि वाढायला गेली.

मागोमाग मावशी आली. आम्ही दोघींनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि त्या स्वयंपाकघरात एका ताटात जेवलो. पुरण घट्ट झालं होतं. आम्ही ताट पुसून खाल्लं, तेव्हा कुठे वच्छलाबाईंनी स्वतःला वाढून घेतलं. त्या दिवशी मी पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मावशीने आपणच सांगितलं, "मी येत नाही वो. इथं बरी हाये."

परत येताना अंजनगाव सुर्जीवरून अमरावतीला आले. अंजनगावच्या पानमळ्यांची गर्द सावली बसमधून पाहिली, अमरावतीत स्टेशनबाहेर चहा घेतला आणि गाडीत बसले. मला वाटलं होतं, त्या गावात मावशीचा विश्वास एकटा पडला आहे. तो चाळीस वर्षं शेजारच्या चुलीपाशी जपला जात होता. ज्या बाईने त्यासाठी सासूचा राग आणि सुनेचं बोलणं सोसलं, तिलाच मी माझा विश्वास समजावून सांगत उभी होते. मी काय खात नाही, हे मला पाठ होतं. ते पाळायला दुसरं कोण झिजत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. याचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

पुढच्या भाद्रपदात ते ताट निघेल की नाही, मला माहीत नाही. सून नुसती "पाहू" म्हणाली आहे. मी त्या दिवशी हिवरखेडला असेन. बारा वाजेपर्यंत ताट आलं नाही, तर भिंतीपाशी जाऊन मागेन.